बारा मार्चच्या पहाटेची नोंद

सत्यभामा: एका शब्दाचं तर काम हाय सायेब. 'तुटला' म्हनायचं, बास. तुमच्या जिबंला काय काटा मोडतोय का?

धर्मराज: आधी तो खराटा खाली ठेवा, सत्यभामाताई. आल्यापासून तोच कोपरा तिसऱ्यांदा झाडताय.

सत्यभामा: ठिवला. आता बोला. सासू निम्मी टेकडी चढून आली आसंल. तुमाला आधी गाठावं म्हनून म्या फुडं पळत आले.

धर्मराज: बायडाबाई? मे महिन्याच्या ह्या उन्हात? काठी टेकत चालणारी बाई ती.

सत्यभामा: तिला उन्हाचं काय सांगता? सहा वर्सं झाली, ल्योक गेल्यापसून तिला ऊन लागत न्हाई का थंडी वाजत न्हाई. अन आज येतीय ती तुमच्यामुळंच.

धर्मराज: मी काय केलं?

सत्यभामा: मागच्या म्हैन्यात शाळंची पोरं आलती हे रडार बघायला. तवा तुमी छाती फुगवून सांगितलं का न्हाई, आभाळातनं तुटलेला एक बी तारा ह्या मशिनीला चुकत न्हाई, समद्यांची तारीख-टायमानिशी नोंद हाय? म्या हितंच दारात व्हते. पोरांनी गावभर केलं. तवापसून सासूनं एकच धरलंय, ल्योकाचा, म्हाळूचा तारा तुटला का न्हाई ते मशिनीला इचारते.

धर्मराज: अहो, पोरांना मजा वाटावी म्हणून बोललो. तारे कुठले? धुळीचे कण असतात ते. ज्वारीच्या दाण्याएवढे, त्याहून बारीक. वरून येतात, हवेला घासून जळतात. त्यांचा आणि माणसाच्या मरणाचा काही संबंध नाही.

सत्यभामा: मला कळतंय ते. दोन वर्सं तुमच्या खांबाखालचं गवत काढतीय, शेरडं वायरी खाऊ नयेत म्हनून काटं लावतीय. तुमी फोनवर बोलता ते कानावर पडतंय की. पर तिला न्हाई कळत.

धर्मराज: मग तिला समजावून सांगू.

सत्यभामा: समजावू नका! उद्या पंच बसनार हायत सायेब. कडा गावाकडचा गहिनीनाथ हाय ना, आपल्या दूध सोसायटीच्या टँकरवर असतोय त्यो? त्याची बायको वारली, दोन पोरी हायत, धाकटी आजून बोबडं बोलती. त्यो माझ्याशी पाट लावायला तयार हाय. पर माझा नवरा हाय का गेला हेच कुनाला ठावं न्हाई. पंच म्हनतेत, आईनं म्हनावं आमचा ल्योक गेला, मग आमी सोडवतो. अन आई म्हनती, मशीन म्हनंल तर म्हनंन.

धर्मराज: आणि नाही म्हणाली तर?

सत्यभामा: तर त्याची मानसं दुसरीकडं बघतील. ते तरी किती थांबतील? पोरींना कोनीतरी पायजे. मला तीस लागलं आवंदा. मला बी एकांदं लेकरू पायजे आंगाखांद्यावर. यात काय गुन्हा हाय का?

धर्मराज: गुन्हा काही नाही. पण मी इथं नोंदी ठेवायला बसलोय, ताई. त्या खोट्या सांगायच्या म्हणजे...

सत्यभामा: नोंद खोटी करू नका. जबानीनं सांगा नुस्तं. आली बगा. म्या काय बोलले न्हाई, तुमी काय ऐकलं न्हाई.

(बायडाबाई काठी टेकत येते, दारातच थांबून समोरच्या माळावरचे खांब बघते. खांद्यावर एक घडी घातलेली घोंगडी.)

बायडाबाई: हेच का ते? म्या म्हनलं, मोठी तोफ-बिफ आसंल. हे तर कापडं वाळू घालायचे खांब हायत.

धर्मराज: या मावशी, सावलीला या. बसा. पाणी घ्या.

बायडाबाई: पानी राहू दे बाबा. तुला बी टँकरचंच येत आसंल.

धर्मराज: तुमच्यापुरतं आहे की.

बायडाबाई: दे मग, घोटभर. तू कुनीकडचा?

धर्मराज: केजचा. धर्मराज नाव माझं.

बायडाबाई: म्हंजी घरचाच. गाव म्हनतंय का तुजी मशीन ढग पळवती. सोसायटीनं ठराव बी केलाता तुज्या नावानं.

धर्मराज: वाचला मी तो. 'ढग हुसकावणारे यंत्र तात्काळ हटविणेबाबत.' मावशी, ढग फार खाली असतात. हे त्याच्या दहापट उंचावरचं बघतं.

बायडाबाई: म्या न्हाई अंगठा दिला. म्हनलं, हुसकायला आधी ढग तर पायजे. तू कावून अशी उभी, सत्यभामे? बस की. घाम आलाय किती तुला.

सत्यभामा: बसते आत्याबाई.

बायडाबाई: खाली चाऱ्याची छावणी लागलीय. येताना बघितली. आवंदा मेंढरं बी घेतेत म्हने.

धर्मराज: हो, यंदा घेतात म्हणे शेळ्या-मेंढ्या.

बायडाबाई: त्या दुष्काळात न्हाई घेतली. छावणी त्या साली बी सोसायटीनंच चालवली. गाय आना, बैल आना, म्हस आना. मेंढरं न्हाई. आमी दोन दिस दारात बसलो व्हतो कळप घिऊन. मग म्हाळू म्हनला, आई, इकून टाकू. अन म्या त्याला काय म्हनले ठावं हाय?

धर्मराज: नाही.

बायडाबाई: म्हनले, बापानं राखलेली मेंढरं इकनार आसशील तर मला तोंड दावू नको. ह्याच तोंडानं म्हनले. दुसऱ्या दिशी कळप घिऊन गंगथडीला गेला, गंगाखेडाच्या बाजूला. गेला त्यो गेलाच. त्यानं माझं आईकलं बग. तोंड दावलं न्हाई.

सत्यभामा: आत्याबाई, रागात मानूस बोलतं. तुमी तेच ते काढू नका.

बायडाबाई: रागात बोललेलंच खरं लागतं पोरी. सायेब, तुला काम आसंल. म्या लई येळ घेनार न्हाई. एकच इचारायचंय. पर आधी ही घोंगडी बग.

धर्मराज: बघतो. चांगली राखलीय.

बायडाबाई: म्हाळूची हाय. कळपासंगट घावली. ह्या कडंच्या दशा बग. ही गाठ दिसली का?

धर्मराज: दिसली.

बायडाबाई: आमच्यात रानात निजायची चाल. रानात एकला आसताना तारा तुटलेला दिसला, का दशीला गाठ मारायची. घरचं कोनी गेलं का काय, ही फिकीर त्या गाठीत. मग घरची खबर घ्यायची, समदी बरी हायत म्हनून कळलं का सोडायची. म्हाळूच्या बापानं जिंदगीभर तसंच केलं. म्हाळूला बी त्यानंच शिकवलं.

धर्मराज: म्हणजे म्हाळूनं तारा तुटताना बघितला होता.

बायडाबाई: शिवरात्र झाली, दुसऱ्या दिशी आवस. त्या आवसंची रात सरता सरता, पहाटं. सकाळी त्यानं दुधाच्या केंद्रावर फोन बी केला. केंद्रावरच्या सुंदररावनं हाळी दिली, ही गेली. त्यानं इचारलं, घरची समदी बरी हायत का. हिनं सांगितलं, बरी हायत. व्हय ना गं?

सत्यभामा: व्हय.

बायडाबाई: आता तूच सांग. बरी हायत कळल्यावर गाठ सोडायची का न्हाई? त्यानं सोडली न्हाई. कळप बाजूच्या धनगराच्या हवाली केला, म्हनला, राखा, येतो. अन गेला. कुठं ते सांगितलं न्हाई. पोलिसात फोटू दिला, तीन जिल्हे पालथे घातले. काय न्हाई. सहा वर्सं म्या ह्या गाठीकडं बघतीय.

धर्मराज: तुम्हाला काय वाटतं मावशी?

बायडाबाई: दोनच गोष्टी. एक म्हंजी त्यो माझ्यावर रुसून गेला. मग कुठंतरी हाय. पुन्याला आसंल, मुंबैला आसंल, दुसरं घर बी केलं आसंल. जित्ता हाय, येवढंच मला पायजे. न्हाईतर दुसरं. घरात तर त्या दिसात कोनी गेलं न्हाई. मग त्यो तारा कुनाचा? त्याचाच. त्यानं सोताचाच तारा तुटताना बघितला. त्याला कळलं, म्हनून गाठ सोडली न्हाई. जुनं मेंढरू बी मरायच्या आधी कळपातनं एकलंच निगून जातं.

सत्यभामा: झालं, आता मशीन बगा अन चला. ऊन वाढतंय.

बायडाबाई: तुला लई घाई. असूदे, तुजा वक्त चाललाय, मला कळतं. म्या बी हिला कोंडून ठिवायला राजी न्हाई सायेब. पर जित्त्या ल्योकाला मेला म्हनू का? उद्या दारात उभा राहिला अन म्हनला, आई, तू मला मारलंस, मग? त्या पहाटं तारा खरंच तुटला का, का त्याच्या मनाचा खेळ व्हता, तेवढं मशिनीला इचारून सांग. पोरं म्हनत्यात, तुला समदं ठावं असतंय.

धर्मराज: मावशी, तारीख निघेल. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची अमावस्या, म्हणजे ती रात्र संपून पहाट उजाडली ती बारा मार्चची. दोन हजार तेरा. पण आधी माझं थोडं ऐका. एका दिवसात ह्या आभाळात किती तारे तुटतात माहीत आहे?

बायडाबाई: पाच-धा. पावसाळा सोडून.

धर्मराज: आठ-नऊ हजार. ही मशीन पकडते तेवढे.

बायडाबाई: येवढी मानसं?

धर्मराज: माणसं नाहीत. कण आहेत. आणि दिवसाही तुटतात. आत्ता आपण बोलतोय तेव्हाही तुटतायत. उन्हात आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

बायडाबाई: दिवसा बी?

धर्मराज: दिवसाही.

बायडाबाई: सहा वर्सं म्या रात रात आभाळाकडं बघत बसले रे. म्हाळूचा कोनता, जाग्यावर हाय का न्हाई. अन दिवसा बी तुटत्यात. मला कोनी सांगितलं न्हाई.

सत्यभामा: आत्याबाई, घोटभर पानी घ्या आजून.

बायडाबाई: नको. मग दिवसाचं ह्याला कसं कळतं? मशिनीला डोळं हायत का?

धर्मराज: डोळे नाहीत. तो मधला खांब वर लाट सोडतो, रेडिओसारखी. नव्वद किलोमीटर वर, म्हणजे इथून कडा गावाच्याही जवळ जाऊ, तेवढं उभं वर. तिथं कण जळतो आणि मागं एक रेघ राहते. लाट त्या रेघेवर आपटून खाली येते. बाकीच्या पाच खांबांना ती ऐकू येते.

बायडाबाई: कनावर न्हाई आपटत?

धर्मराज: कण तर संपलेला असतो. आम्ही कण बघतच नाही. मागं राहिलेली रेघ बघतो. ती पाव सेकंद, अर्धा सेकंद टिकते आणि तेवढ्यात वरच्या वाऱ्यानं सरकते. तिच्या सरकण्यावरून आम्ही वाऱ्याची दिशा काढतो. एवढ्या उंचावर वारा कसा वाहतो ते दुसऱ्या कशानं सहज कळत नाही.

बायडाबाई: म्हंजी गेल्याला काय इचारत न्हाई तुमी. मागं राहिलेलं कुनीकडं ढकललं जातंय, ते बघता.

धर्मराज: असंच म्हणा.

बायडाबाई: असूदे. दिसभर तुटू दे हजार. म्या सांगते त्या टायमाचं बग. पहाटं, मेंढरं उठायच्या आधी. फोनवर त्यानं हिला तसंच सांगितलं. व्हय ना?

सत्यभामा: चार-सवाचारचा टाइम सांगितला व्हता.

बायडाबाई: हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस.

सत्यभामा: इसरले आसंन.

धर्मराज: थांबा, काढतो. दोन हजार तेरा... मार्च... बारा तारीख. हं. त्या दिवशी मशीन बंद नव्हती. चार ते पाच, सातशे तीस नोंदी.

बायडाबाई: एका तासात?

धर्मराज: पहाटे जास्तच पडतात. मोटरसायकलवरून जाताना चिलटं तोंडावर बसतात, पाठीवर नाही. पहाटे आपण पृथ्वी पळते त्या तोंडाच्या बाजूला असतो. पण ह्यातले डोळ्यांना दिसतील असे थोडे. बघू...

सत्यभामा: काय दिसलं? सांगा की.

धर्मराज: एक आहे. चार वाजून सतरा मिनिटं. ईशान्येला, गंगाखेडच्याच अंगाला. रेघ सात सेकंद टिकली. इतका वेळ क्वचित टिकते. हा डोळ्यांना दिसला असणार. चांगलाच.

बायडाबाई: तुटला?

धर्मराज: मावशी, मी पुन्हा सांगतो, तो कण होता...

सत्यभामा: त्या इचारत्यात तेवढंच सांगा सायेब.

धर्मराज: तुटला. हो. त्या पहाटे मोठा तारा तुटला.

बायडाबाई: सतरा मिन्टं.

धर्मराज: चार सतरा.

बायडाबाई: म्हंजी त्याच्या मनाचा खेळ नव्हता. खरंच बघितला माझ्या लेकरानं. एकला, अंधारात. आवसंची रात.

सत्यभामा: आत्याबाई...

बायडाबाई: रडत न्हाई म्या. बरं झालं. सहा वर्सं हिकडं का तिकडं, हिकडं का तिकडं. आज एका अंगाला झालं. सायेब, मला हे कागदावर लिवून दे. वरनं शिक्का मार. पंचाला दावते, म्हनते, माझा म्हाळू त्या पहाटं गेला.

धर्मराज: वेळ, दिशा लिहून देतो. म्हाळूचं नाव मला लिहिता यायचं नाही.

बायडाबाई: नाव म्या सांगन. तू टाइम लिव. घरात तर कोनी गेलं न्हाई, दुसऱ्या कुनाचा असनार त्यो?

धर्मराज: बरं. लिहितो. 'दिनांक बारा मार्च...'

सत्यभामा: लिवू नका सायेब.

धर्मराज: काय?

सत्यभामा: कागद लिवू नका.

बायडाबाई: ह्ये काय आता? तुजंच तर काम व्हतंय.

सत्यभामा: माझं व्हतंय म्हनूनच. तुमच्या आधी यिऊन म्याच ह्यांच्या मागं लागले, 'तुटला' म्हना म्हनून. ते न्हाई म्हनत व्हते. अन आता खरंच निगालं तर मला सोसंना. आत्याबाई, घरात कोनी गेलं न्हाई म्हनताव ना तुमी? गेलं व्हतं.

बायडाबाई: कोन?

सत्यभामा: माझ्या पोटातलं.

धर्मराज: मी बाहेर थांबतो.

बायडाबाई: बस लेकरा. उन्हात कुठं जातोस? कवाचं गं? मला कसं ठावं न्हाई?

सत्यभामा: चौथा लागला व्हता. आधीची दोन तशीच गेलती, अन दोन्ही येळंला आपुन गावभर पेढं वाटलं व्हतं. म्हनून ह्या बारीला पाचवा लागस्तोर कुनालाच सांगायचं न्हाई, तुमाला बी न्हाई, आसं त्यानंच ठरवलं व्हतं. त्याला अन मला, दोघांनाच ठावं.

बायडाबाई: अन गेलं कवा?

सत्यभामा: आवसंला छावणीच्या हौदावर पान्याला गेलते. तिथंच कळ निगाली. रातभर कळा व्हत्या. पहाटं, कोंबडं आरवायच्या आधी मोकळी झाले. गोठ्याच्या मागं. एकलीच.

बायडाबाई: आवसंला पान्याला म्याच धाडलंतं तुला.

सत्यभामा: तुमाला ठावं नव्हतं.

बायडाबाई: किती खेपा केल्यास?

सत्यभामा: जाऊ द्या की.

बायडाबाई: किती?

सत्यभामा: सहा.

बायडाबाई: चार खेपांनंतर तू बसलीस, अन म्या म्हनले, रानीसायबांची कंबर वाकंना व्हय. म्हनले व्हते ना?

सत्यभामा: म्हनले व्हते.

बायडाबाई: अगं मग आरडायचं व्हतं माझ्यावर! सकाळी उठून माझ्या म्होरं आदळायचं व्हतं, बग म्हनून! सहा वर्सं एका ताटात जेवतो आपुन.

सत्यभामा: ल्योक गेला तुमचा. त्यात आजून हे सांगून तुमाला जगवलं आसतं का मारलं आसतं? पहिल्यांदा धीर झाला न्हाई. मग सांगायची येळ गेली. मग तर काय, सांगून बी काय उपेग? पर तुमी आज त्या गाठीचा तारा म्हाळूचा म्हनाया लागला. त्यो त्याचा नव्हता आत्याबाई. त्याच्या लेकराचा व्हता. तुमाला मानायचंच असंल तर तसं माना. लेकराचा टाइम बी त्योच व्हता. उद्या पंचाला काय म्हनायचं नसंल तर नका म्हनू. गहिनीनाथ गेला तर जाऊ दे. खोट्यावर मला नांदायचं न्हाई.

बायडाबाई: थांब. थांब जरा. तू फोनवर त्याला सांगितलंस का?

सत्यभामा: न्हाई. त्यानं इचारलं, समदी बरी हायत का. म्या म्हनलं, बरी हायत. मग म्हनला, 'अन त्ये?' म्या म्हनलं, त्ये बी बरं हाय. तर म्हनला, 'मग रडतीस कावून?' म्हनलं, रडत न्हाई, केंद्रावर धुरळा लई उडतोय.

बायडाबाई: त्याला खरं वाटलं न्हाई.

सत्यभामा: न्हाई. म्हनून गाठ सोडली न्हाई त्यानं. म्या कुनाला सांगितलं न्हाई, पर मला ती घोंगडी आली त्याच दिशी कळलं.

बायडाबाई: मग फुडं काय म्हनला त्यो? म्या तुज्या तोंडानं येवढंच आईकलंय, बरी हायत म्हनले अन फोन ठिवला.

सत्यभामा: म्हनला, 'म्या निघतो. मेंढरं कुनाच्या तरी हवाली करतो. सांजच्या गाडीनं घाटनांदूरला उतरतो. टेसनावर यिऊ नको, तुला चालवायचं न्हाई. घरीच निजून ऱ्हा.'

बायडाबाई: निघतो म्हनला?

सत्यभामा: व्हय.

बायडाबाई: घरला?

सत्यभामा: घरला. तरी बी म्या गेले टेसनावर. तीन सांजा गेले. गाडी यायची, मानसं उतरायची, जायची. तुमाला म्हनायची, कडबा बघाया जाते.

बायडाबाई: व्हय. मोकळ्या हातानं यायचीस. म्या बोलायची तुला, कडबा कुठाय म्हनून.

सत्यभामा: मला आशा व्हती, चौथ्या दिशी यील. मग पोलिसात कागद देताना सांगावं वाटलं. पर घरला कावून निघाला व्हता आसं त्यांनी इचारलं आसतं. तर मग समदंच सांगावं लागलं आसतं. म्या बोलले आसते तर त्यांनी निदान त्या वाटंनं हुडकला आसता. ह्यो गुन्हा माझा हाय आत्याबाई. म्या रोज त्याच्यासंगट निजते अन उठते.

धर्मराज: ताई, त्या दिवशी तुमची अवस्था काय होती...

सत्यभामा: तुमी नका बोलू सायेब. तुमाला ह्यातलं काय ठावं.

धर्मराज: नाही बोलत.

बायडाबाई: सहा वर्सं म्या दाराला कडी लावली न्हाई. ठावं हाय ना तुला? कुत्री घरात शिरायची. तू म्हनायचीस, लावा कडी. म्या म्हनायची, रुसलेला मानूस दार बंद बघून माघारी जातो.

सत्यभामा: ठावं हाय.

बायडाबाई: रुसलेला सहा वर्सांनी बी येतो. धा वर्सांनी बी येतो. बायको-पोरं घिऊन येतो. म्हनून म्या बसले व्हते. पर त्यो रुसला नव्हता. माझं ते बोलनं त्यानं मनावर घेतलंच नव्हतं का गं?

सत्यभामा: फोन ठिवताना म्हनला, आईला सांग, मेंढरं एक बी इकलं न्हाई.

बायडाबाई: माझं लेकरू!

सत्यभामा: आत्याबाई... रडा. रडून घ्या.

बायडाबाई: हे बी तू मला सहा वर्सं दिलं न्हाईस. येवढं एक वाक्य.

सत्यभामा: चुकलं माझं.

बायडाबाई: अन म्या तुला सहा खेपा दिल्या. जाऊ दे. आता कुनी कुनाचं काय काढायचं? सायेब, तुजी मशीन खरं बोलत आसंल. तारा तुटला आसंल. पर त्याचं आता काम न्हाई राहिलं. मला कळलं.

धर्मराज: काय कळलं, मावशी?

बायडाबाई: बायको रडती आसं वाटून त्यो निघाला व्हता. म्हाळू लहान व्हता तवा कोकरू मागं राहिलं तर दोन कोस माघारी पळायचा, रात बघायचा न्हाई का काटा. बायकोसाठी निघालेला म्हाळू सहा वर्सं वाटंत बसायचा न्हाई. पाय मोडला आसता तर सरपटत आला आसता. आला न्हाई म्हंजी न्हाई त्यो. गेला. त्याच दिशी, न्हाईतर दुसऱ्या दिशी. कुठंतरी वाटंत.

सत्यभामा: म्या तुमाला हे सांगितलं ते तुमची आशा राहावी म्हनून.

बायडाबाई: ठावं हाय. तुज्यावर उलटलं आसतं तरी सांगितलंस. गहिनीनाथाचं घर सोडाया निघालीस खरं बोलन्यापायी. म्हनून तर तुज्यावर माझा इस्वास बसला आज. उद्या म्या शबूद देते. तू जायाचं. त्या पोरींच्या येन्या घालायच्या.

सत्यभामा: तुमी एकल्या राहताल.

बायडाबाई: राहीन की. टँकर रोजच येतोय ना त्याचा सोसायटीवर? बसून यायचं त्यात, पोरीला मांडीवर घिऊन. म्या खाली केंद्रावर यीन तुला बघायला. ऊठ आता. तोंड धू. सायेब, हिला पानी दे तुज्या वाटचं.

धर्मराज: घ्या ताई. मावशी, तो कागद... लिहून ठेवू का? पंच काही विचारतील.

बायडाबाई: न्हाई बाबा, फाडून टाक त्यो. तुज्या मशिनीची साक्ष नको मला.

सत्यभामा: मग पंचाला काय सांगताल आत्याबाई?

बायडाबाई: सांगन, माझा म्हाळू घरी यायला निघाला व्हता.